व्हिक्टोरियन साथरोग रुग्णालयाचा नकाशा कसा वाचावा

इंग्लंडमधील एखाद्या जुन्या साथरोग रुग्णालयाचा नकाशा हाती आला, तर प्रथम त्यावरील सन पाहावे. १८६७च्या कायद्याने लंडनसाठी मेट्रोपॉलिटन असायलम्स बोर्ड हे गरीब रुग्णांसाठी रुग्णालये चालवणारे मंडळ स्थापन झाले आणि थोड्याच वर्षांत हॅम्पस्टेड, होमर्टन व स्टॉकवेल येथे त्याची रुग्णालये सुरू झाली. लहान गावांना अशा बांधकामाची चालना पुढे, विशेषतः १८९३च्या विलगीकरण रुग्णालय कायद्याने मिळाली.

त्यानंतर इमारतींमधील अंतर मोजावे. स्थानिक आरोग्य व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या लोकल गव्हर्न्मेंट बोर्ड या सरकारी खात्याच्या मार्गदर्शनानुसार रुग्णांच्या इमारती एकमेकींपासून आणि कुंपणाच्या भिंतीपासून किमान ४० फूट दूर असाव्या लागत. प्रत्येक रोगासाठी स्वतंत्र इमारत असल्याने स्कार्लेट फीव्हर (अंगावर लाल पुरळ आणणारा ताप), घटसर्प आणि विषमज्वर यांची नावे नकाशावर वेगवेगळी सापडतात. देवीला मात्र तेवढे अंतरही पुरले नाही: आसपास रोग पसरतो असे दिसल्यावर लंडनचे देवीचे रुग्ण १८८०च्या दशकात थेम्स नदीतील जहाजांवर हलवण्यात आले.

मग एकच वॉर्ड निवडून त्याकडे सावकाश पाहावे, कारण या वास्तुरचनेचे मर्म तेथेच आहे. दर खाटेमागे भिंतीची १२ फूट लांबी, १४४ चौरस फूट जमीन आणि २,००० घनफूट हवा, असे लोकल गव्हर्न्मेंट बोर्डाचे माप होते. म्हणून वॉर्डाची लांबी १२ने भागून दोन्ही बाजूंसाठी दुप्पट केली, की खाटांचा साधारण अंदाज येतो. खिडक्या समोरासमोर आहेत का, आणि शौचालय वॉर्डाला थेट न जोडता दोन्हीकडून वारा खेळणाऱ्या लहान मार्गिकेपलीकडे ठेवले आहे का, हे तपासावे. दूषित हवेनेच रोग होतो ही या रचनेमागची मूळ समजूत पुढे टिकली नाही, तरीही मोकळी हवा आणि खाटांमधील अंतर यांचा रुग्णांना खराच उपयोग झाला, असे मला वाटते.

शेवटी माणसांची वाट बोटाने गिरवावी. फाटकापाशी द्वारपालाचे घर असते. धुलाईघर, निर्जंतुकीकरणाची खोली आणि शवागार वॉर्डांपासून दूर असतात. बऱ्या झालेल्या रुग्णाला घरी सोडण्यासाठी बहुधा तीन खोल्यांची छोटी इमारत दिसते: पहिलीत रुग्णालयाचे कपडे उतरवायचे, मधल्या खोलीत स्नान करायचे आणि तिसरीत स्वच्छ कपडे घालून थेट बाहेरच्या दाराने निघायचे.