जगबुडी नको, आगोट भरा: वादळ-पावसाच्या तयारीतल्या या चुका टाळा

एप्रिल सरत आला की मला एकाच तऱ्हेचे फोन येऊ लागतात. दापोलीच्या किनाऱ्याला नुकतंच घर बांधलेलं कुणीतरी विचारतं, "सहा महिन्यांचं धान्य ठेवायचं तर किती पोती घेऊ?" दुसऱ्याला कंपाउंडवर काटेरी तार ओढायला माणूस हवा असतो. "विहिरीतून हाताने पाणी काढायची सोय आहे का?" असं मी विचारलं की पलीकडून आवाज येत नाही.

तयारी कोकणाला नवी नाही. आमच्याकडे तिला आगोट म्हणतात. सुकट, सोडे, आमसुलं, कुळीथ, मीठ, पडवीत रचलेला लाकूडफाटा, शेणी, शाकारलेलं घर. आजीचा हिशोब चार महिन्यांचा असायचा आणि नारळी पौर्णिमेपर्यंत निम्मे डबे रिकामे झालेले असायचे. दरवर्षी जे येतं त्याच्यासाठीच ती भरत होती. जग बुडेल या भीतीने केलेल्या खरेदीला असा हिशोब नसतो, म्हणून ती कधी संपत नाही. आणि जगबुडी आमच्याकडे नदी आहे, खेडच्या लोकांना तिचं पाणी कुठवर चढतं ते ठाऊक असतं. तयारी करायची ती अशा माहीत असलेल्या संकटाची.

मृगावर विसंबणे

"मृगाच्या आधी सगळं करू" हे आता सोडा. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, मृगाच्या आधी. तौक्ते त्याच्या पुढच्याच वर्षी १६ मेला आमच्या किनाऱ्यावरून गेलं. फयान तर २००९ च्या नोव्हेंबरात आलं, भात कापून झाल्यावर. २०२५ मध्ये मान्सूनच २५ मेला तळकोकणात उतरला. माझी तारीख १ मे. त्या दिवशी शाकारणी पूर्ण, पन्हळी साफ आणि घरावर आलेल्या फांद्या उतरवलेल्या. दिवाळीनंतर पुन्हा एक फेरी.

विहीर भरलेली, घर तहानलेलं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलणार.

आमच्या आगरात जुनी विहीर आहे, चिऱ्यांनी बांधलेली, मे महिन्यातही पाणी असणारी. पंप बसवला तेव्हा रहाट काढून टाकला. मुलं लहान होती म्हणून विहिरीवर लोखंडी जाळी वेल्डिंग करून घेतली. त्या दिवशी ते शहाणपणाचंच वाटलं होतं.

निसर्ग आलं तेव्हा दुपारपर्यंत अर्ध्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडून शेतात पडले. टाकीतलं पाणी दुसऱ्या दिवशी संपलं. खाली विहिरीत पाणी दिसत होतं आणि जाळीतून कळशी जात नव्हती. जाळी कापायला ग्राइंडर होता, त्याला वीज नव्हती. शेवटी लोखंड कापायच्या हातकरवतीने मी आणि शेजारचा मुलगा आळीपाळीने सकाळपासून जेवणवेळेपर्यंत घासत बसलो. चार पाती मोडली. वीस इंचांचं भोक पडलं तेव्हा आमच्या हातांची सालं निघाली होती. पुढचे साडेतीन आठवडे, वीज येईपर्यंत, वाडीतली सहा घरं त्या भोकातून पाणी नेत होती.

आता जाळीला बिजागरीचं झाकण आहे, कुलूप आहे आणि किल्ली खिळ्याला आहे. वर रहाट पुन्हा बसवला. दर १ मेला मी स्वतः दहा पोहरे काढतो. दोर कुजला असेल तर तेव्हाच कळतं. लाखभर रुपयांचा सौर पंप सुचवणारेही भेटतात. जरूर बसवा, पण आधी रहाट. पत्रा उडून पॅनलवर पडला तर सौर पंपही बंदच.

पाणी मिळालं म्हणजे पिण्याजोगं झालं असंही नाही. वादळात पाचोळा, मेलेले पक्षी, गोठ्याकडचं पाणी, सगळं विहिरीत उतरतं. मग लोक टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, मुठीने टाकतात. हा घाईचा प्रकार मला सहन होत नाही. मोजायला पाच मिनिटं लागतात. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, मग ७८५ ने गुणा. ते झाले लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर साधारण २८ हजार लिटर. हजार लिटरला चांगली पावडर अडीच ग्रॅम, म्हणजे अशा विहिरीला सत्तर ग्रॅमच्या आसपास. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी पोहऱ्याने विहिरीत सोडून ढवळा, तासभर थांबा. पुराचं गढूळ पाणी शिरलं असेल तर एवढ्याने भागत नाही. विहीर उपसून घ्या, ग्रामपंचायतीकडून पाण्यातलं क्लोरिन तपासून घ्या आणि तोवर पाणी उकळून प्या. गेल्या वर्षीची उघडी पिशवी वापरू नका, दमट हवेत तिचा जोर गेलेला असतो.

साठा लपवणे

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला एका कुटुंबाने २०१९ मध्ये घर बांधलं. माणसं भली होती, पण शहरात बरंच काही वाचून-पाहून आलेली. संकटात शेजारीच पहिल्यांदा लुटतात, असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. माळ्यावर दोनशे किलो तांदूळ, डबाबंद जेवण, मोठे सुरे, दूरवर झोत टाकणाऱ्या बॅटऱ्या. फाटकाला कायम कुलूप. लॉकडाऊन लागल्यावर तर भीती खरी ठरल्यासारखं त्यांना झालं आणि ते गावकीच्या बैठकीलाही येईनासे झाले. घरात किती माणसं आहेत हेही आम्हाला माहीत नव्हतं.

वादळात त्यांच्या पाखाडीवर, म्हणजे घराकडे जाणाऱ्या पायवाटेवर, फणस आडवा पडला. आम्ही कोयते, कुऱ्हाडी घेऊन निघालो ते आधी जिथे म्हातारी माणसं आहेत हे माहीत होतं तिथे गेलो. त्यांच्या दारात पोचलो तिसऱ्या दिवशी. कौलं उडालेली, माळ्यावरचा तांदूळ भिजून आंबायला लागलेला. लाकूड तोडायचं एकही हत्यार घरात नव्हतं. पण खरा धक्का आतल्या खोलीत होता. त्या गृहस्थांच्या आई मधुमेही. फ्रिज बंद पडल्यावर इन्सुलिन खराब झालं असं समजून त्यांनी ते फेकून दिलं होतं आणि दोन दिवस इंजेक्शन बंद होतं.

त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आमचे एक काका राहतात, तेही इन्सुलिनवर. त्यांनी बाटली मडक्यात ठेवली होती. मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडकं, त्यात कोरड्या डब्यात बाटली, वर ओलं फडकं. वापरायला काढलेलं बहुतेक इन्सुलिन ३० अंशांच्या खाली साधारण चार आठवडे चालतं. तुमच्या औषधाचं नेमकं काय ते डॉक्टरांना मे महिन्यातच विचारून ठेवा. काकांनी त्या माउलींसाठी आपल्याकडची न उघडलेली बाटली दिली. औषध तेच निघालं हे नशीब. आम्ही त्यांना खुर्चीत बसवून, खुर्ची खांद्यावर घेऊन, पडलेल्या झाडांवरून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं आणि तिथून गाडीने दवाखान्यात. त्या वाचल्या. त्या दिवसापासून त्या घराच्या फाटकाला दिवसा कुलूप नसतं.

आमच्या वाडीत आता एक वही आहे. कोणाच्या घरी अंथरुणावर पडलेलं माणूस आहे, कोण गरोदर आहे, कोणाचं औषध फ्रिजमध्ये असतं, कोणाकडे लाकूड कापायचं मशीन आहे. दर मे महिन्यात फिरून ती नवी करतो. जे आपलं नाव लिहू देत नाहीत त्यांच्याशी मी भांडतो.

साठ्याचंही सांगतो. जे रोज खाता तेच ठेवा आणि त्यातलंच खात राहा. कोकणच्या दमट हवेत सडीक तांदूळ वर्षभर पोत्यात ठेवलात तर सोंडे होणारच. ठेवायचंच असेल तर सालासकट भात ठेवा आणि लागेल तसं भरडून आणा. आमच्या घरी महिनाभराचं धान्य, भरलेला दुसरा सिलिंडर, कोरडी लाकडं आणि चूल असते, एवढ्यात निभावतं. सुटे पैसे मात्र हवेतच. टॉवर पडले की मोबाइलने पैसे देता येत नाहीत.

जनरेटरची पिन सॉकेटमध्ये खुपसणे

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटरचा करंट घरच्या सॉकेटमध्ये सोडणारे हुशार लोक प्रत्येक गावात आहेत. तसं केलं की करंट मीटरमधून उलटा बाहेर जातो आणि ट्रान्सफॉर्मर त्याचे ११ हजार व्होल्ट करतो. लाइन मेलेली समजून खांबावर चढलेला वायरमन त्यात जातो. निसर्गनंतर आमच्या फीडरवर काम करणाऱ्याने नियमाप्रमाणे आधी अर्थिंगची साखळी टाकली आणि ठिणगी उडाली. साखळी टाकली नसती तर? तो दुसऱ्या जिल्ह्यातून आमच्यासाठी आलेला मुलगा होता. ज्याच्या घरातून करंट येत होता त्याला मी त्या दिवशी जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. चेंजओव्हर स्विच बसवा, म्हणजे एका वेळी बाहेरची लाइन किंवा जनरेटर, एकच जोडला जातो, नाहीतर फ्रिजची वायर थेट जनरेटरला जोडा. आणि जनरेटर पडवीत किंवा बंद खोलीत चालवू नका. त्याच्या धुराला वास फारसा नसला तरी त्यातला विषारी वायू झोपेत माणूस मारतो.

घराला चिकटून बसणे

साठा केलेल्या माणसाला घर सोडवत नाही. डोंगराच्या पायथ्याचं घर असेल तर हे जिवावर बेततं. २२ जुलै २०२१ ला महाडजवळच्या तळियेत दरड आली आणि ८० हून जास्त माणसं गेली. जमिनीला नवी भेग पडली, झाडं-खांब कलले, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा आटलं, दारं-खिडक्या अडकायला लागल्या, तर धान्याकडे बघू नका. गुरांची दावी सोडा आणि निघा. पाऊस थांबल्यावरही लगेच परतू नका, मुरलेलं पाणी आपलं काम नंतरही करत असतं.

त्याच दिवशी चिपळुणात वाशिष्ठी आणि शीव नदीचं पाणी शिरलं. माझ्या मावसबहिणीने २००५ च्या पुराची खूण बघून सामान त्याच्या वर ठेवलं होतं. पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. खूण पाळा, पण तिला शेवटची मानू नका. भरतीची वेळही बघा, उधाणाच्या दिवसांत नदीचं पाणी समुद्र आत घेत नाही.

साप चावल्यावर पेटी उघडणे

विष ओढून काढायचे पंप ऑनलाइन मिळतात, त्यांचा काही उपयोग नाही. ब्लेडने चिरणं, दोरी करकचून बांधणं, मांत्रिक, हेही नको. फुरसं, घोणस, मण्यार, नाग यांवर इलाज एकच, प्रतिसर्पविष, आणि ते दवाखान्यातच शिरेतून द्यावं लागतं, कारण त्याची जोराची रिअॅक्शन येऊ शकते. अंगठ्या-बांगड्या काढा, हात-पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका. औषध कुठल्या दवाखान्यात आहे याची चौकशी मेमध्येच करून ठेवा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपा.

बाकी थोडक्यात

ओल्या कौलांवर वाऱ्यात चढू नका. कौलं उतरतात तशी माणसंही उतरतात.

ट्रान्झिस्टर आणि त्याचे सेल घरात असू द्या. धरण फुटल्याचे मेसेज पुढे पाठवू नका, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला १०७७ वर विचारा.

पुराच्या पाण्यातून अनवाणी, पायाला जखम असताना चालू नका. नंतर ताप आला तर लेप्टोचं, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचं, नाव डॉक्टरांसमोर तुम्हीच काढा.

सातबारा, रेशनकार्ड, आधार, बँकेचं पुस्तक, सगळं घट्ट झाकणाच्या एका डब्यात.

आणि बागेचे फोटो. मेमध्ये उभ्या झाडांचे काढा, वादळानंतर पडलेल्यांचे, साफसफाई करायच्या आधी. निसर्गनंतर आमच्यातल्या काहींनी घाईने पोफळी तोडून गडग्याबाहेर ढकलल्या आणि पंचनाम्याला तलाठी आले तेव्हा मोजायला बुंधेही उरले नव्हते. मी दरवर्षी १ मेला, दहा पोहरे काढून झाले की, मोबाइल घेऊन आगरात शिरतो आणि ओळीओळीने मोजत फोटो काढतो. तासभर जातो.