घरमालकाचे हप्ते थकलेत? भाड्याने घर घेण्याआधी आणि घेतल्यावर काय काय करायचं

भाड्याचं घर बघायला गेलो की आपण पाणी किती वेळ येतं, पार्किंग मिळेल का, लिफ्टला बॅकअप आहे का हे सगळं विचारतो, पण मालकाच्या कर्जाचे हप्ते वेळेवर जातात का हे कोणी विचारत नाही, संकोच वाटतो. मालक मात्र आपली सॅलरी स्लिप, पॅन, आधार, कंपनीचं आयडी सगळं मागून घेतो. आणि हप्ते थकले तर बँकेची माणसं येतात ती घराच्या दारात, मालक कुठेतरी दुसऱ्या शहरात असतो आणि दार उघडायला आपण. म्हणून ही चौकशी करायचीच, लाजायचं नाही. खाली जे लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या लिव्ह अँड लायसन्सवर (बहुतेक वेळा अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर) राहणाऱ्यांसाठी आहे, दुसऱ्या राज्यात काही नियम वेगळे असतील.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. तुम्ही दिलेलं डिपॉझिट म्हणजे मालकाला दिलेलं बिनतारणी कर्ज. बँकेकडे घर गहाण आहे, तुमच्याकडे फक्त कागद. घराचा लिलाव झाला तर त्यातून आधी बँकेचं देणं फिटतं, उरलंच काही तर ते मालकाला मिळतं, आणि मालकाकडून काढायचं काम तुमचं. शिवाय लायसन्स हा मालकाने दिलेला राहण्याचा परवाना असतो, १८८२ च्या इझमेंट अॅक्टच्या कलम ५९ प्रमाणे घर दुसऱ्याच्या नावावर झालं की नव्या मालकावर तो परवाना बंधनकारक राहत नाही. म्हणजे "माझं अॅग्रीमेंट अजून आठ महिने आहे" हे लिलावात घर घेतलेल्या माणसाला सांगून उपयोग होईलच असं नाही.

यातूनच हेवी डिपॉझिटचा धोका कळतो. मुंबई, ठाणे, डोंबिवली पट्ट्यात सर्रास चालतं हे, आठ-दहा लाख एकरकमी द्या आणि भाडं शून्य किंवा नाममात्र. सगळेच मालक अडचणीत असतात असं अजिबात नाही, पण ज्याला बँक आता नवं कर्ज देत नाही त्याला पैसे उभे करायचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे, आणि ते पैसे त्याच दिवशी जुनी देणी फेडण्यात जातात, अकरा महिन्यांनी परत द्यायला तो आणणार कुठून? नवा भाडेकरू मिळाला तरच. त्यामुळे मालक अडचणीत आहे असा नुसता वास जरी आला तरी हेवी डिपॉझिटला सरळ नाही म्हणायचं. दोन महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट, बाकी महिन्याच्या महिन्याला भाडं. भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल.

टोकन द्यायच्या आधी

पहिलं काम, मालकाकडून इंडेक्स टू ची (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा) कॉपी मागा आणि त्यावर त्याचंच नाव आहे का ते बघा. मग नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे, त्यात गाव आणि सर्व्हे नंबर किंवा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर टाकून गेल्या काही वर्षांचे दस्त बघता येतात. तिथे गहाणखत किंवा "नोटीस ऑफ इंटिमेशन" (घर गहाण ठेवल्याची सूचना) दिसलं तर घरावर कर्ज आहे. घाबरू नका, होम लोन असणं हा काही दोष नाही, निम्म्या सोसायटीवर असतं. पण एकाच फ्लॅटवर होम लोन, वर टॉप-अप (त्याच घरावर वाढीव कर्ज), वर एखाद्या पतसंस्थेचं गहाण अशी थप्पी दिसली तर सावध. सरसाईच्या (तारण ठेवलेल्या मालमत्तांची केंद्रीय नोंद ठेवणारी संस्था) साइटवरही किरकोळ फी भरून तारणाची नोंद शोधता येते.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाचं, सोसायटीच्या ऑफिसमध्ये जाऊन पाच मिनिटं बसा. मेंटेनन्स किती महिन्यांचा थकलाय हे मॅनेजरला तोंडपाठ असतं. माणूस आधी मेंटेनन्स थकवतो, मग लाइट बिल, आणि होम लोन शक्यतो शेवटी, त्यामुळे वर्षभराचा मेंटेनन्स बाकी असेल तर पुढचं काय ते ओळखा. वॉचमनशी बोला, वसुलीवाले येऊन गेले का ते त्याला माहीत असतं. खालची पत्रपेटी बघा, मालकाच्या नावाची बँकेची न घेतलेली पाकिटं कोंबलेली असतात. आणि फ्लॅटच्या दारावर, चौकटीजवळ, कागद चिकटवून ओरबाडून काढल्याच्या खुणा आहेत का तेही बघा, हसू नका, खरंच बघा. बँकेला ताबा घेतल्याची नोटीस घराच्या दर्शनी जागी लावावी लागते आणि दोन पेपरांत छापावी लागते, त्यातला एक स्थानिक भाषेतला. मराठी पेपरात "ताबा सूचना" म्हणून बारीक टायपातला चौकोन येतो तोच हा, कर्जदाराचं नाव, फ्लॅट नंबर, थकलेली रक्कम, आणि खाली ओळ की या मालमत्तेशी कोणीही व्यवहार करू नये. बिल्डिंगचं नाव टाकून नेटवर शोधलं तरी कधी कधी लिलावाची जाहिरात सापडते.

तिसरं, मालकाला सरळ विचारा. भांडणाच्या सुरात नाही, "काका, लोन चालू आहे ना, मग शेवटच्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट दाखवाल का, आकडे झाकले तरी चालतील, फक्त हप्ते गेलेले दिसू देत" एवढंच. ज्याचं सगळं नीट आहे तो कुरकुर करेल पण दाखवेल. होम लोनच्या करारात बहुतेक वेळा घर भाड्याने द्यायला बँकेची परवानगी लागते असं लिहिलेलं असतं, ती घेतली आहे का तेही विचारा.

बँकेची वाट कशी चालते

हे माहीत असलं की आपण नेमके कुठे उभे आहोत ते कळतं. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याच्या (बँकेला गहाण मालमत्ता ताब्यात घेऊन वसुली करू देणारा कायदा) कलम १३(२) ची नोटीस, पैसे भरायला ६० दिवस. तरी नाही भरले तर बँक ताबा घेते, आधी बहुतेक वेळा नुसता सांकेतिक ताबा, म्हणजे दारावर कागद लागतो पण तुम्ही आतच. नंतर कलम १४ खाली जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडून ऑर्डर घेऊन पोलीस बंदोबस्तात प्रत्यक्ष ताबा, कुलूप, सील. सांकेतिक आणि प्रत्यक्ष ताब्याच्या मधे बरेचदा काही महिने जातात, हे महिने तुमच्या कामाचे.

सगळ्यात महत्त्वाचं कलम १३(१३), ६० दिवसांची नोटीस मिळाल्यावर मालकाला बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर भाड्याने देता येत नाही. त्यामुळे नोटिशीच्या आधी झालेलं रजिस्टर्ड अॅग्रीमेंट आणि नंतर झालेलं अॅग्रीमेंट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अकरा महिन्यांनी रिन्यू करतानाही हे लागू पडू शकतं, म्हणून रिन्यूअलच्या वेळी वरची सगळी चौकशी परत करा.

अॅग्रीमेंट

रजिस्टर केल्याशिवाय राहायला जाऊ नका, नोटरीवर भागवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर्डच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. पुढे बँक तुम्हाला पहिला प्रश्न हाच विचारते, रजिस्टर्ड आहे का आणि तारीख काय. डिपॉझिटची पूर्ण रक्कम करारात लिहा, "थोडं कॅश देतो" नको, ती रक्कम नंतर सिद्ध करता करता नाकी नऊ येतात. आणि एजंटला सांगून असा एक क्लॉज घालून घ्या:

"सदर मिळकतीवर आजमितीस कोणतीही जप्ती, ताबा सूचना अथवा सरफेसी कायद्याखालील नोटीस नाही. अशी नोटीस आल्यास मालक सात दिवसांत भाडेकरूस लेखी कळवील, लॉक-इन तत्काळ रद्द होईल, आणि भाडेकरूस डिपॉझिटची रक्कम पुढील भाड्यात वळती करून घेण्याचा अधिकार राहील."

लॉक-इन म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी घर न सोडण्याची अट. शेवटचा, डिपॉझिट भाड्यात वळतं करण्याचा भाग सोडू नका. मालकाच्या खात्यात पैसेच नसतील तर डिपॉझिट परत मिळवायचा तोच एक खात्रीचा मार्ग आहे, राहून फेडून घेणं.

राहत असताना नोटीस आली तर

लगेच फोटो काढा, तारखेसकट. भाडं एकतर्फी बंद करू नका, त्याने कराराचा भंग तुमच्याकडून होतो आणि बँकेपुढे तुमचीच बाजू पडते. क्लॉज असेल तर त्याप्रमाणे डिपॉझिट वळतं करतोय असं मेलने कळवा, क्लॉज नसेल तर मालकाशी बोलून व्हॉट्सअॅपवर का होईना त्याचं लेखी "हो" घ्या. अडचणीतला माणूस सहसा याला तयार होतो कारण त्याला खिशातून काही काढावं लागत नाही, आणि त्याच्याशी नीट बोललात तर बँकेच्या तारखाही तोच सांगतो, तोही त्रासातच असतो हे विसरू नका. बँकेकडून भाडं आमच्याकडे भरा असं पत्र आलं तर दुर्लक्ष करू नका, शाखेत जाऊन पत्र खरं आहे का ते बघा आणि मगच कोणाला भरायचं ते ठरवा, दोघांना भरायची वेळ यायला नको.

नोटिशीवर बँकेने या वसुलीसाठी नेमलेल्या प्राधिकृत अधिकाऱ्याचं नाव असतं. त्यांना अर्ज द्या, सोबत रजिस्टर्ड अॅग्रीमेंट, भाडं भरल्याच्या बँक एन्ट्र्या, आणि घर सोडायला अमुक तारखेपर्यंत मुदत द्या असं स्पष्ट लिहा, पोच घ्या. मुलांची परीक्षा असेल, घरी आजारी माणूस असेल तर तेही लिहा. बँकेला रिकामं घर हवं असतं, भांडण नको असतं, त्यामुळे तारीख ठरवून शांतपणे जाणाऱ्याला बरेचदा मुदत मिळते. करार नोटिशीच्या आधीचा असेल आणि तरी ऐकत नसतील तर कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, ४५ दिवसांच्या आत अर्ज करता येतो, २०१६ च्या दुरुस्तीनंतर भाडेकरूचा दावा तिथे तपासला जातो. डीआरटी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबाद) आहेत. यासाठी मात्र वकील हवाच.

सामानाची यादी आणि व्हिडिओ आधीच करून ठेवा, पावत्या, मुलांची सर्टिफिकेटं, औषधं, दागिने नातेवाइकांकडे हलवा. सील लागल्यावर आत राहिलेली वस्तू काढायला परत अर्ज, पंचनामा, तारीख, सगळं आलं.

डिपॉझिट अडकलंच तर वकिलाची नोटीस पाठवा आणि मग दिवाणी दावा, साधारण तीन वर्षांची मुदत असते, ती "देतो देतो" ऐकण्यात घालवू नका. नोटीस आलेली असताना ती लपवून तुमच्याकडून डिपॉझिट घेतलं असेल तर पोलिसांत फसवणुकीची तक्रारही देता येते, तेव्हा बँकेच्या नोटिशीची तारीख आणि तुमच्या कराराची तारीख दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून जा.