भूकंपाचा अलर्ट आला की प्लँटमध्ये आपोआप काय बंद व्हायला हवं

सेन्सर कुठला घ्यायचा ते नंतर बघू, आधी एक कागद घ्या आणि जोरात हलल्यावर जीव घेऊ शकेल असं आपल्याकडे काय काय आहे ते लिहा, म्हणजे गॅसची लाइन, ओव्हरहेड क्रेन, लिफ्ट, केमिकलचे पंप, आणि प्रत्येकासमोर ते सुरक्षित व्हायला किती सेकंद लागतात तेही लिहा, अंदाजाने नाही, स्टॉपवॉच लावून.

कारण खेळ सगळा सेकंदांचा आहे. अलर्ट देणारी ही सिस्टीम भाकीत करत नाही, भूकंप सुरू झालेलाच असतो. आधी पी-वेव्ह म्हणजे भूकंपाची पहिली लाट येते, साधारण सेकंदाला 6 किमी वेगाने, तिचा धक्का हलका असतो, मागून एस-वेव्ह साधारण साडेतीन किमीने येते आणि खरं नुकसान तिथून सुरू होतं. तुम्ही भूकंपाच्या केंद्रापासून 100 किमीवर असाल तर दोघींमध्ये 12 सेकंदांच्या आसपास अंतर पडतं, 20 किमीवर असाल तर जेमतेम अडीच. सरकारी नेटवर्कचे सेन्सर केंद्राजवळ असले तर लांबच्यांना जास्त वेळ मिळतो, पण अगदी जवळच्यांना अलर्ट हादऱ्यानंतरच पोचतो, म्हणून शक्य असेल तर नेटवर्कचा अलर्ट आणि जागेवरचा सेन्सर दोन्ही ठेवा.

जागेवर तीन सेन्सर लावा आणि तीनपैकी दोघांनी सांगितलं तरच ट्रिगर, नाहीतर शेजारून फोर्कलिफ्ट गेला तरी सायरन वाजेल आणि चार वेळा असं झालं की लोक कानाडोळा करायला लागतात. बसवायचे पायाच्या काँक्रीटवर, कॉम्प्रेसर-प्रेसपासून लांब.

अलर्टच्या दोन लेव्हल ठेवा, एक हलकी, एक वरची. लिफ्ट जवळच्या मजल्यावर थांबवून दार उघडणं, सायरन, घोषणा, क्रेन थांबवणं, हे खोट्या अलर्टला झालं तरी फारसं बिघडत नाही, ते हलक्या लेव्हलला होऊ दे. अख्खी प्रॉडक्शन लाइन ट्रिप म्हणजे एकदम बंद करणं महागात पडतं, ते वरच्या लेव्हलला. आणि लिक्विडच्या मोठ्या लाइनवरचा व्हॉल्व्ह घाईने धाडकन बंद करायला जाऊ नका, वाहतं लिक्विड अचानक अडून दाबाचा जो धक्का बसतो, त्या वॉटर हॅमरने पाइपच फुटू शकतो, आधी पंप बंद, मग व्हॉल्व्ह, आणि वेळ प्रोसेसवाल्यांकडून ठरवून घ्या.

सेन्सरचं वायरिंग सरळ रिलेमधून (सिग्नलवर चालणारा स्विच) पीएलसीला, म्हणजे मशिन्स चालवणाऱ्या कंट्रोलरला द्या, मध्ये कोणी माणूस बटण दाबेल असं ठेवूच नका, इतक्या सेकंदांत माणूस स्क्रीनसुद्धा वाचत नाही. जपानमध्ये शिंकानसेन या बुलेट ट्रेनला ब्रेक लावायला ड्रायव्हरची वाट बघत नाहीत, अलर्ट आला की वीजच तोडतात. सेन्सर, रिले, नेटवर्क स्विच सगळं यूपीएसवर हवं, स्विच हमखास राहून जातो.

ड्रिल खऱ्या सिग्नलने घ्या, नुसता सायरन वाजवून कळत नाही व्हॉल्व्ह हलला की नाही.

परत चालू कोण करणार तेही आत्ताच ठरवा. गळती तपासल्याशिवाय गॅस सोडायचा नाही, टेक्निशियनने बघितल्याशिवाय लिफ्ट नाही, आफ्टरशॉक येतच राहतात, आणि हे ज्याच्या हातात आहे त्याचं नाव नाइट शिफ्टच्या बोर्डावरसुद्धा लावा.