कानातला मळ: मऊ करायचा, कोरायचा नाही

आईच्या श्रवणयंत्रातून शिट्टी यायला लागली की मी आधी यंत्र नाही, तिचा कान बघायला नेते. मळामुळे आवाज अडून परत फिरतो आणि यंत्र शिट्टी मारतं. यंत्र लावणाऱ्यांच्या कानात मळ साचतोही जास्त, कारण त्याची बाहेर पडायची वाटच अडलेली असते.

एरवी कान स्वतःला साफ ठेवतो. नळीच्या बाहेरच्या भागातल्या ग्रंथी मळ तयार करतात, तो धूळ अडवतो आणि कातडी कोरडी पडू देत नाही. नळीची कातडीही हळूहळू बाहेर सरकत असते आणि मळाला सोबत आणते. तेव्हा कानात दडे बसले नसतील, ऐकू नीट येत असेल, तर नुसता मळ दिसतो म्हणून काहीही करू नका. इअरबड, हेअरपिन, काडी यांनी थोडासा मळ बाहेर येतो आणि उरलेला पडद्याकडे ढकलला जातो. आईच्या खोलीत मी इअरबड ठेवतच नाही.

थेंब टाकण्याआधी हे नक्की विचारा: कान दुखतो का, वाहतो का? पडद्याला कधी छिद्र पडलं होतं का? कानाचं ऑपरेशन झालंय का, पडद्यात नळी बसवली आहे का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर घरी थेंबही नको, थेट डॉक्टरांकडे जा. लहान मुलांच्या बाबतीत मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच करणार नाही.

हे काही नसेल, तर औषधाच्या दुकानातून कानात घालायचं ऑलिव्ह तेल आणि ड्रॉपर आणा. बदाम तेलही चालतं, पण ज्यांना बदामाची ॲलर्जी आहे त्यांना नको. बाटली थोडा वेळ मुठीत धरा, कारण गार थेंबांनी चक्कर येते. गॅसवर मात्र तेल गरम करू नका. आईला कुशीवर झोपवून मी कान हलकेच वर आणि मागे ओढते, म्हणजे नळी सरळ होते. 2-3 थेंब टाकायचे, कानाच्या भोकापुढचा उंचवटा हळूच दाबायचा आणि 5 ते 10 मिनिटं तसंच पडू द्यायचं. उठल्यावर बाहेर ओघळलेलं तेल पुसायचं, बोळा आत खुपसायचा नाही. असं दिवसातून 3-4 वेळा, 3 ते 5 दिवस. यंत्र अर्थातच काढून ठेवायचं आणि कान कोरडा झाल्यावरच परत लावायचं.

पहिल्या एक-दोन दिवसांत ऐकू आणखी कमी येऊ शकतं. मळ फुगतो म्हणून तसं होतं, आईला मी हे आधीच सांगून ठेवते. मळाचा गोळा बाहेर पडेल अशी वाट बघू नका, तो बहुतेक मऊ होऊन, थोडाथोडा निघतो.

कानात मेणबत्ती पेटवून मळ ओढायचा प्रकार साफ टाळा. त्याने मळ निघत नाही, भाजण्याची भीती मात्र खरी आहे. पिचकारीने पाणी मारणं मी डॉक्टरांवरच सोडते, मधुमेह असलेल्यांनी तर घरी तो प्रयत्न करूच नये.

पाच दिवसांनीही दडे सुटले नाहीत, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. ते आत बघत बघत बारीक नळीने मळ शोषून काढतात. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर ते मळामुळेच असेल असं धरून तेल घालत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आतल्या कानाची नस दुखावली असेल, तर उपचार लवकर सुरू व्हावे लागतात.