गुलाल उतरल्यावर : गावच्या निकालावर नाराज असलेल्या मतदाराने काय करावे

मतमोजणीच्या दिवशी दुपारी बारा-एकच्या सुमारास तहसीलवरून पहिली जीप गावात शिरते, बसस्टँडपासून मारुतीच्या पारापर्यंतचा रस्ता गुलालाने लाल होतो आणि संध्याकाळी पानठेल्यावर हरलेल्या बाजूची बैठक बसते. खर्रा घोटता घोटता या बैठकीत दरवेळी एक वाक्य हमखास ऐकू येते : "कोणीबी आला तरी आपल्याले काय फरक पडते?" यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या गावात मी हे वाक्य सगळ्या झेंड्यांखाली फिरलेल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे आणि एकदा तर जिंकलेल्या बाजूच्या माणसाकडूनही ऐकले आहे. पुढचे लिखाण हे वाक्य मनापासून म्हणणाऱ्यांसाठी आहे. कोणत्या पक्षाला मत द्यावे हे त्यात सापडणार नाही. ही नाराजी कोणावर, कोणत्या कागदावर आणि किती दिवसांच्या आत काढावी, एवढेच सापडेल.

सर्वांत आधी पक्षांनी जाहीर केलेले आकडे बाजूला ठेवावेत. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. राज्य निवडणूक आयोग उमेदवारांना मुक्त चिन्हे देतो आणि गावात लढत होते ती पॅनलांची. म्हणून निकालाच्या रात्री "आमचे इतके सरपंच आले" असे जे सांगितले जाते तो निकाल नसून दावा असतो, आणि सगळ्या पक्षांचे दावे मांडून बेरीज केली तर ती एकूण ग्रामपंचायतींच्या पुढे जाते. आमच्या गावात मागच्या निकालानंतर दोन दिवसांत स्टँडवर दोन फलक लागले. दोन्हींवर एकाच सरपंचबाईंचा फोटो होता, वर मात्र दोन वेगवेगळ्या पक्षांचे पुढारी हात जोडून उभे होते. एक फोटो हळदीकुंकवाच्या कार्यक्रमातला कापलेला होता आणि दुसरा अर्ज भरतानाचा. बाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "मले कोणी इचारलंच नाही जी." अशा फलकावरून गाव अमुक पक्षाकडे गेले असे मानून हताश होणे किंवा खूश होणे, दोन्ही व्यर्थ आहे.

जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचे तसे नाही. तिथे जिल्हा परिषदेच्या गटासाठी एक आणि पंचायत समितीच्या गणासाठी एक अशी दोन मते पक्षाच्या चिन्हावर दिली जातात, त्यामुळे मोठ्या पक्षांविषयीची निराशा मोजायची असेल तर ती तिथे मोजावी. या निराशेला विदर्भात ठोस कारणही आहे. अमरावती, यवतमाळ, वर्धा, बुलडाणा, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्हा परिषदांसाठी २०१७ च्या फेब्रुवारीत मतदान झाले, मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. ओबीसी आरक्षणाच्या वादात अडकलेल्या या निवडणुका घ्याव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो ६ मे २०२५ रोजी. दरम्यान जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली आणि दोन्ही पक्षांची मूळ चिन्हे पुढे एकेका गटाकडे गेली. ज्याने २०१७ मध्ये चिन्ह पाहून बटण दाबले, त्याचा सदस्यही गेला आणि चिन्हाचा अर्थही बदलला. नगर परिषदा व नगर पंचायतींसाठी २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झाल्यावर दुसऱ्या दिवशी होणारी मोजणी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशाने २१ डिसेंबरवर गेली, तेव्हा तालुक्याच्या गावी अठरा दिवस यंत्रांविषयीच्या कुजबुजीला ऊत आला होता. हे सगळे पाहिलेल्या माणसाने पक्षांवर रागावू नये, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

निकाल स्वतः वाचावा

पानठेल्यावरची आकडेमोड अंदाजाची असते. त्याऐवजी तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेतून आपल्या प्रभागाचा उमेदवारनिहाय आणि केंद्रनिहाय मतांचा तक्ता मिळवावा व वहीत उतरवून घ्यावा. हिशेबापुरते एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका जागेच्या लढतीत ९०० मतदार आहेत, त्यांपैकी ७२० जणांनी मतदान केले. चार उमेदवारांना २६०, २३०, १५० आणि ६५ मते पडली, तर 'नोटा'ला १५. विजयी उमेदवाराला झालेल्या मतदानाच्या ३६ टक्के आणि एकूण मतदारांच्या २९ टक्के मते मिळाली. म्हणजे "गावाने कौल दिला" हे विजयी मिरवणुकीतले वाक्य खरे नाही आणि "गावच विकले गेले" हे पानठेल्यावरचे वाक्यही खरे नाही. ४६० जणांनी दुसरे काहीतरी निवडले, फक्त ते एकत्र नव्हते. हरलेल्या दोन पॅनलांनी एकमेकांची मते खाल्ली असतील, तर दोष दिल्ली-मुंबईच्या पक्षांचा नसून आपल्याच दोन आळ्यांच्या जुन्या भांडणाचा आहे, हे अशा तक्त्यातून उघडे पडते. ते पचवणे सोपे नसते.

तक्ता वाचताना आणखी एक गोष्ट पाहावी. ग्रामपंचायतीत एका प्रभागातून दोन किंवा तीन सदस्य निवडले जातात आणि थेट सरपंच असेल तर त्याचे मत वेगळे, म्हणून एका मतदाराला तीन-चार बटणे दाबावी लागतात. पुष्कळ म्हातारी माणसे ओळखीचे एक बटण दाबून थांबतात. सरपंचपदासाठी पडलेली मते आणि सदस्यपदांसाठी पडलेली मते यांत मोठी तफावत दिसली, तर ती बहुतेक या न दाबलेल्या बटणांची असते. स्थानिक निवडणुकीच्या यंत्राला मताची चिठ्ठी दाखवणारे व्हीव्हीपॅट जोडलेले नसते, त्यामुळे शंका लवकर पसरते. पण शंका घेण्याआधी ही वजाबाकी करून पाहावी.

'नोटा'विषयी गावात मोठा गैरसमज आहे. विधानसभा-लोकसभेत 'नोटा'ने निकाल बदलत नाही हे खरे, परंतु महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये काढलेल्या आदेशानुसार स्थानिक निवडणुकीत 'नोटा'ला सर्वाधिक मते पडली तर त्या जागेसाठी फेरनिवडणूक घेतली जाते. फेरनिवडणुकीतही तसेच झाले, तर मात्र उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणारा विजयी ठरतो. म्हणजे 'नोटा'ने सर्वांना एकदा परत पाठवता येते, दुसऱ्यांदा नाही. पुढच्या वेळी चांगला माणूस उभा करण्याची तयारी नसेल तर या बटणाचा फारसा उपयोग नाही, असे माझे मत आहे.

दोन मुदती

निकालात खरोखर गैरप्रकार झाला असे वाटत असेल, तर १९५८ च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५ खाली दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करता येतो. मुदत निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांची आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर भांडण्यात हेच १५ दिवस निघून जातात. दुसरी मुदत उमेदवारांची आहे : जिंकलेल्या आणि हरलेल्या प्रत्येकाने निवडणूक खर्चाचा हिशेब ३० दिवसांत सादर करायचा असतो, आणि न केल्यास कलम १४ ब खाली पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येते. कोंबड्या कापल्या गेल्या आणि दारूचे खोके उतरले हे सर्वांना ठाऊक असते. कागदावर किती खर्च दाखवला ते कोणी पाहत नाही. ते पाहावे.

कोणाला काय विचारावे

रागाचा पत्ता चुकला की राग वाया जातो. सोयाबीनचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये ठरला तो केंद्र सरकारच्या पातळीवर; बाजार समितीच्या आवारात त्याहून कमी दराची पट्टी हाती पडलेला कास्तकार घरी येऊन सरपंचाला शिव्या देतो, तेव्हा सरपंच निश्चिंत असतो, कारण त्याच्याकडे मागण्याजोगे काही मागितलेच गेलेले नसते. वावरात जायचा पांदण रस्ता, गावची पाण्याची टाकी, नाली, दिवाबत्ती यांविषयी सरपंचाला विचारावे. झेडपी शाळेची गळकी खोली आणि बंद असलेले आरोग्य उपकेंद्र यांविषयी जिल्हा परिषदेच्या सदस्याला. हमीभाव आणि पीकविम्याचा जाब आमदार-खासदारांनी द्यायचा आहे, आणि त्यांचे मतदान वेगळ्या दिवशी असते.

ग्रामसभा आणि माहितीचा अर्ज

माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट ही आहे आणि सर्वांत कंटाळवाणीही हीच आहे. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. पहिल्या सभेपुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासनाचा अहवाल आणि लेखापरीक्षणातल्या शंका व त्यांची उत्तरे ठेवणे पंचायतीवर बंधनकारक आहे. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी लागते. ९०० मतदारांच्या गावात १३५ नव्हे, १०० माणसे पुरतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, ही मेख पुष्कळांना माहीत नसते. पहिल्या दिवशी "माणसंच नाही आली" म्हणून घरी गेलेले लोक पुढच्या तारखेला येत नाहीत आणि त्या दिवशी पंधरा माणसांत ठराव होतात. कापूस वेचणीच्या दिवसांत हे ठरवून केल्यासारखे वाटावे इतक्या नियमाने होते.

सभेत जाण्याआधी हातात कागद असावा. आपल्या पंचायतीच्या योजना आणि खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर दिसतात. वित्त आयोगाच्या पैशातून कोणत्या कामावर किती रक्कम गेली ते मोबाइलवर पाहता येते. खोलात जायचे असेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. इथे मी स्वतः आपटलो आहे. पहिल्या अर्जात मी रागाच्या भरात "मागील पाच वर्षांतील सर्व कामांची संपूर्ण माहिती द्यावी" असे लिहिले आणि तीस दिवसांनी उत्तर आले की माहिती विस्तृत स्वरूपाची आहे. उत्तर मला आवडले नाही, पण चूक माझीही होती. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, अशी मर्यादा आहे. दुसऱ्या वेळी मी दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून फक्त एवढेच मागितले : शाळेजवळच्या हातपंपाच्या दुरुस्तीचे देयक, मोजमाप पुस्तिकेचे पान आणि नमुना ५ च्या रोकडवहीतली त्या महिन्याची नोंद. तीन कागद आले. त्यात दुरुस्तीची तारीख ज्या आठवड्याची होती, त्या आठवड्यात आमच्या बाया खालच्या आळीतून पाणी आणत होत्या. ग्रामसभेत मी भाषण केले नाही, कागद वाचून दाखवला. हातपंप आठ दिवसांत सुरू झाला. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पंचायत समितीत प्रथम अपील करावे, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.

निवडून आलेला सदस्य दुसऱ्या पक्षाचा दुपट्टा घालून आला की "याच्यावर पक्षांतरबंदी लावा" अशी मागणी होते. १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्यांच्या अपात्रतेचा कायदा पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या झेडपी सदस्याला आवळू शकतो. ग्रामपंचायतीत मुळात पक्षच नसल्याने तिथे त्याचा उपयोग नाही. गावात उपाय आहे तो अविश्वासाचा, आणि थेट निवडलेल्या सरपंचाविरुद्ध तो बराच अवघड आहे : पहिली दोन वर्षे आणि शेवटचे सहा महिने प्रस्ताव आणता येत नाही, सदस्यांचे तीन-चतुर्थांश बहुमत लागते आणि त्यावर ग्रामसभेत गुप्त मतदान होते. म्हणजे तिथेही गाडी पुन्हा ग्रामसभेशीच येऊन थांबते. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा दिली ती ग्रामसभा आणि अभ्यासगट वर्षानुवर्षे भरवून. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे जंगल आहे, गाव लहान आहे आणि एकोप्याची जुनी सवय आहे, तेव्हा आमच्या कापूसपट्ट्यातल्या पाच पॅनलांच्या गावात ते जसेच्या तसे होईल असे मी म्हणत नाही.

शेवटी, सभेच्या कार्यवृत्ताच्या रजिस्टरवर लक्ष ठेवावे. आपण मांडलेला मुद्दा ठरावात आपल्या शब्दांत लिहिला आहे का, हे उठण्याआधी पाहावे आणि मगच खाली सही करावी. सभा झाल्यावर दोन-तीन दिवसांनी कोणीतरी तेच रजिस्टर काखेत मारून दारोदार फिरते आणि ओसरीवर बसून म्हणते, "करा जी सही, तुमचं नाव राहून गेलं." त्याला चहा द्यावा, रजिस्टर हातात घेऊन सहीच्या वरचे पान पूर्ण वाचावे, आणि ते पान कोरे असेल तर रजिस्टर तसेच परत करावे.