शर्यतीतलं फ्लायव्हील रस्त्यावर आणताना: या चुका टाळा

'केर्स', म्हणजे ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा साठवून परत वापरायची यंत्रणा, हा इंजिनिअरिंगच्या पोरांचा लाडका प्रोजेक्ट. सायकलला जुनं फ्लायव्हील (फिरत राहून ऊर्जा साठवणारं जड चाक), चेन आणि क्लच जोडायचा. ब्रेक मारला की हे चाक फिरतं, सगळे खूश. पण तीच ऊर्जा परत घ्यायला गेलं की सायकल जेमतेम दोन हात सरकते. मग बेअरिंग बदल, ग्रीस भर, चाक आणखी जड कर, असे उपाय सुरू होतात.

दुखणं तिथे नसतंच. ब्रेक लागताना गाडीचा वेग उतरतो, फ्लायव्हीलचा मात्र चढायला हवा. एकाच ठरावीक रेशोने (दोघांच्या वेगांच्या प्रमाणाने) जोडलेल्यांना हे जमणार कसं? क्लच घसरत घसरत दोघांना जुळवून घेतो आणि त्या घसरण्यात ऊर्जेची उष्णता होते. कागदावर मांडून बघा: थांबलेल्या फ्लायव्हीलला असं जोडलं, तर गाडीच्या ऊर्जेतला जास्तीत जास्त पाव हिस्सा त्यात उतरतो, क्लच कितीही भारीतला घ्या. परत देताना त्याचाही फार तर पावच. म्हणजे रुपयातला एक आणा हाती! म्हणूनच इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या फ्लायब्रिड कंपनीने फॉर्म्युला वन शर्यतींसाठी बांधलेल्या यंत्रणेत रेशो सलग बदलणारा सीव्हीटी होता. बघणारे चाकाकडे बघतात, खरी मेख गिअरबॉक्समध्ये आहे.

चाक जड करणं ही दुसरी चूक. वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट. वेग दुप्पट केला तर चौपट. व्होल्वोने एस६० या गाडीत तपासलेलं कार्बन फायबरचं चाक फक्त ६ किलोचं, २० सेंमी व्यासाचं होतं, पण मिनिटाला ६०,००० फेरे घ्यायचं. त्याच्या कडेचा वेग ध्वनीच्या दीडपटीहून जास्त भरतो, म्हणून ते निर्वात डब्यात ठेवावं लागतं. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये हा उद्योग करू नका. कमी वेगाच्या चाकालाही भक्कम जाळी हवीच.

शर्यतीचे आकडे जसेच्या तसे उचलू नका. फॉर्म्युला वनच्या २००९ च्या नियमांत ६० किलोवॅट आणि फेरीमागे ४०० किलोज्यूल मिळायचे, म्हणजे सात सेकंदांहून कमी जोर. विजेच्या हिशेबात हे ०.११ युनिट. दीड टनाची गाडी ताशी १०० वर असताना तिच्यातच सुमारे ५८० किलोज्यूल असतात. तेव्हा 'यावर गाडी किती किलोमीटर जाईल' हा प्रश्नच चुकीचा. एका ब्रेकपासून पुढच्या पिकअपपर्यंत पुरलं की काम झालं. व्होल्वोचा २५ टक्क्यांपर्यंत इंधनबचतीचा दावाही अशाच थांबत-चालत प्रवासात कामाचा. मोकळ्या हायवेवर ब्रेकच लागला नाही तर वाचवणार काय?

आणि रिपोर्टमध्ये फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर हॅमिल्टन याची २००९ ची हंगेरीतली जीत फ्लायव्हीलच्या खात्यात टाकू नका. त्याच्या मॅक्लारेन गाडीत बॅटरी होती. २०१२ ला ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या ऑडीत फ्लायव्हील होतं खरं, पण ऊर्जेची ने-आण विजेनेच व्हायची.