बॉयलरच्या पाण्यातला ऑक्सिजन: नव्या केमिस्टसाठी

साखर कारखान्यात किंवा एमआयडीसीतल्या बॉयलर हाऊसवर केमिस्ट म्हणून रुजू होणार असाल, तर केमिकलच्या गोण्या मोजण्याआधी डीएरेटर (पाणी वाफेने तापवून त्यातली हवा काढणारं यंत्र) नीट पाहून घ्या. साध्या तापमानाच्या पाण्यात लिटरमागे 8 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळलेला असतो. चांगला चालणारा डीएरेटर तो 7 पीपीबीपर्यंत, म्हणजे लिटरमागे 0.007 मिलिग्रॅमपर्यंत खाली आणतो. उरलासुरला टिपायचं काम केमिकलचं. डीएरेटरचा व्हेंट (हवा बाहेर जायची वाट) जवळजवळ बंद आणि ऑक्सिजन टिपणाऱ्या सल्फाईटचा खप मात्र वाढतोय, असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. तिथे आधी व्हेंट उघडा.

राहिलेला ऑक्सिजन ट्यूब सगळीकडे सारखी झिजवत नाही. तो एकाच जागी खोल खड्डा पाडतो. म्हणूनच बाकीची जाडी शाबूत असताना ट्यूब गळते.

कमी दाबाच्या बॉयलरला सोडियम सल्फाईट उत्तम. एक पीपीएम (लिटरमागे एक मिलिग्रॅम) ऑक्सिजनला हिशेबाने 7.9 पीपीएम लागतं, प्रत्यक्षात 10 धरतात. कोबाल्टचा अंश असलेलं घ्या, क्रिया झटपट होते. पण त्याचं सल्फेट होऊन पाण्यातच राहतं, टीडीएस (विरघळलेले क्षार) चढतो, ब्लोडाऊन (बॉयलरमधलं थोडं पाणी बाहेर सोडणं) वाढवावा लागतो. दाब चौरस सेंटीमीटरला साधारण 60 किलोच्या वर गेला की सल्फाईट फुटून आम्लधर्मी वायू वाफेत जातात, म्हणून 67 किंवा 87 किलोच्या को-जनला (वाफेसोबत वीजही बनवणाऱ्या संयंत्राला) ते नकोच. ज्या फीडवॉटरचा (बॉयलरला पुरवल्या जाणाऱ्या पाण्याचा) फवारा डीसुपरहीटरला, म्हणजे जास्त तापलेली वाफ थंड करायला जातो, त्यातही टाकू नका. क्षार सुपरहीटरमध्ये आणि टर्बाइनच्या पात्यांवर बसतात.

जास्त दाबाला पूर्वी सर्रास हायड्राझिन वापरत. त्यातून नायट्रोजन आणि पाणी एवढंच उरतं, शिवाय लोखंडावर मॅग्नेटाइटचा काळा संरक्षक थर टिकतो. पण ते विषारी आहे, कॅन्सरचा धोका मानला जातो. हातमोजे आणि गॉगलशिवाय ड्रमजवळ जाऊ नका, कोणी कितीही घाई केली तरी. त्याऐवजी आता कार्बोहायड्राझाइड आणि डीईएचए मिळतात. डीईएचए वाफेबरोबर जातं, त्यामुळे कंडेन्सेट लाइनही (वाफेचं झालेलं पाणी परत आणणारी) वाचते. कार्बोहायड्राझाइड मात्र तापल्यावर काही अंशी हायड्राझिनच होतं, तेव्हा जिथे वाफ अन्नाला लागते तिथे ऑक्सिजन टिपणाऱ्या एरिथॉर्बेटचा विचार करा.

सल्फाईट तपासताना नमुना कूलरमधून थंड करून, बाटली काठोकाठ भरून घ्या आणि लगेच टायट्रेशन करा. उघड्या बादलीतून आणलेल्या गरम पाण्यातलं सल्फाईट हवा वाटेतच संपवते. रीडिंग कमी येतं आणि पुढच्या शिफ्टचा डोस विनाकारण वाढतो.